जुन्या स्पोर्ट्स कारची देखभाल स्वतः करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर ‘जुनी स्पोर्ट्स कार’ म्हणताना साधारणपणे १९६० ते २००० या काळातील, हलक्या आणि मुख्यतः चालवण्याच्या आनंदासाठी बनवलेल्या गाड्या गृहीत धरल्या आहेत. एमजीबी, डॅटसन २४०झेड, अल्फा रोमिओ स्पायडर, पोर्शे ९११ व ९४४, टोयोटा एमआर२, माझ्दा एमएक्स-५ ही त्यांतली काही ठळक नावे. त्यांची रचना एकमेकींपासून बरीच वेगळी असली, तरी वय झाल्याची लक्षणे पुष्कळशी सारखी असतात आणि त्यांतली बरीचशी ओळखून दुरुस्त करणे मालकाच्या आवाक्यातले असते.

जुनी गाडी नुकतीच घेतली आहे. कामाला सुरुवात कोठून करावी?

गाडी आधी नीट थांबली पाहिजे, मग नीट वळली पाहिजे, मग तिच्यात पेट्रोलची गळती नसली पाहिजे, मग ती तापता कामा नये. ती चांगली पळावी याचा विचार त्यानंतर करावा. बहुतेक नवे मालक हा क्रम नेमका उलटा लावतात. सायलेन्सर, एअर फिल्टर आणि रुंद टायर आधी बसवले जातात आणि वीस वर्षांचे ब्रेकचे रबरी होज तसेच राहतात.

मागच्या देखभालीच्या नोंदी हाती नसतील, तर गाडीतील सर्व तेले, कूलंट आणि रबरी भाग मुदत संपलेले आहेत असेच धरून चालावे. इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर, कूलंट, ब्रेक आणि क्लचचे ऑइल, गिअरबॉक्स व डिफरेन्शियलचे तेल, पेट्रोलचे होज आणि सर्व बेल्ट एकदा बदलले की पुढची सगळी मोजदाद त्या तारखेपासून करता येते. काढलेले तेल विल्हेवाटीला देण्यापूर्वी मात्र नीट पाहावे, कारण ते गाडीचा पूर्वेतिहास सांगते. इंजिन ऑइल दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी जात आहे. त्यात चमकणारे धातूचे कण असतील तर बेअरिंगकडे लक्ष द्यायला हवे. कूलंट गंजाच्या रंगाचे असेल तर रेडिएटर आणि इंजिनमधील पाण्याच्या वाटा बुजत आल्या असण्याची शक्यता मोठी. प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि वापरलेला भाग एका वहीत लिहून ठेवावा. गाडी विकताना ही वही उपयोगी पडतेच, पण त्याआधी ती स्वतःलाच अनेकदा उपयोगी पडते.

गाडी वर्षाला जेमतेम हजार-दोन हजार किलोमीटर चालते. मग दर वर्षी सर्व्हिसिंगची गरज काय?

जुन्या गाडीची झीज किलोमीटरपेक्षा वर्षांनी जास्त होते, ही या विषयातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत सहज विसरली जाणारी गोष्ट आहे. रबर उभ्या उभ्या कडक होते आणि त्याला चिरा पडतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. इंजिन थोडा वेळ चालून बंद झाले की ज्वलनातून तयार झालेले पाणी आणि न जळलेले पेट्रोल तेलात उतरते, आणि तेल पुरेसे तापले नाही तर ते तिथेच राहून आम्ल तयार करते. कूलंटमधील गंजरोधक घटक वापर असो वा नसो, संपत जातात. फिरत्या शाफ्टभोवतीचे ऑइल सील तेलाने ओले राहिले तर मऊ राहतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते सुकतात आणि पुन्हा चालवताच गळू लागतात.

त्यामुळे कमी चाललेली जुनी गाडी ही चांगलीच असेल असे गृहीत धरू नये. दर पंधरवड्याला अर्धा-पाऊण तास रस्त्यावर धावणारी आणि भरपूर किलोमीटर झालेली गाडी, आच्छादनाखाली दहा वर्षे जपलेल्या गाडीपेक्षा पुष्कळदा अधिक भरवशाची निघते. इंजिन ऑइल वर्षातून एकदा आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांतून एकदा बदलावे, मग गाडी कितीही कमी चाललेली असो.

कोणती हत्यारे घ्यावीत?

सर्वांत आधी त्या गाडीचे मूळ वर्कशॉप मॅन्युअल घ्यावे, कारण सैल-घट्टपणाचे आकडे, तेलाचे प्रमाण आणि काम करण्याचा क्रम यांबाबत आठवणीवर किंवा ऐकीव माहितीवर विसंबणे महाग पडते. त्यानंतर चांगल्या प्रतीचा सॉकेट सेट, टॉर्क रेंच, फीलर गेज, मल्टिमीटर, टायमिंग लाइट आणि कॉम्प्रेशन गेज एवढ्यावर बरीच वर्षे निभावते. सॉकेट शक्यतो सहा कोनांचे घ्यावेत. बारा कोनांचे सॉकेट गंजलेल्या बोल्टच्या कडा गोल करून टाकतात.

गाडी कोणत्या मापांत बनली आहे तेही आधी पाहावे. जपानी, जर्मन आणि इटालियन गाड्यांना मिलिमीटरचे पाने लागतात. साठ-सत्तरच्या दशकांतील ब्रिटिश गाड्यांवर बहुतेक ठिकाणी इंचांतले यूएनएफ आटे असतात, तर त्याहून जुन्या ब्रिटिश गाड्यांवर व्हिटवर्थ मापाचेही सापडतात. ‘जवळपास बसतो’ म्हणून वापरलेला पाना बोल्ट खराब करतो आणि हातालाही इजा करतो.

गाडी जॅकवर उचलून खाली काम करणे सुरक्षित आहे का?

केवळ जॅकच्या आधारावर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाता कामा नये. हायड्रॉलिक जॅकचे सील एका क्षणात निकामी होऊ शकते आणि त्याची पूर्वसूचना मिळत नाही. कठीण व सपाट जमीन, उतार नसलेली जागा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर आणि गाडीच्या वजनाला पुरून उरतील असे अॅक्सल स्टँड, एवढे जमत असेल तरच खाली शिरावे. स्टँड लावल्यावर गाडीला हाताने जोर देऊन हलवून पाहावे. ती हलायची असेल तर आपण बाहेर असतानाच हललेली बरी. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवणे हा आणखी एक साधा आधार आहे. विटा आणि लाकडाचे अर्धवट ओंडके वापरू नयेत.

जुन्या गाडीच्या बाबतीत एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. जॅक लावण्याची जागा गंजलेली असेल, तर वरून रंग चांगला दिसत असूनही पत्रा आत दबतो. तिथे आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. घट्ट पत्र्याचा आवाज टणक येतो आणि सडलेल्याचा बद्द.

चाके परत बसवताना नट टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या जोडीने आवळावेत. आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा, कारण तो गाडीगणिक बदलतो. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ साठी तो साधारण ९० ते ११८ न्यूटन-मीटर, तर पोर्शे ९११ च्या अॅल्युमिनियमच्या नटांसाठी १३० न्यूटन-मीटर आहे. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवल्यावर ते पुन्हा तपासावेत.

जुन्या इंजिनाला आजचे महागडे सिंथेटिक ऑइल चालेल का?

महाग किंवा स्वस्त यापेक्षा ते इंजिन कोणत्या तेलासाठी बनले होते हे महत्त्वाचे. एमजीबीसारख्या पुशरॉड इंजिनांत कॅमशाफ्ट थेट सपाट टॅपेटवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला ढकलणाऱ्या भागावर) घासतो आणि त्या ठिकाणी फार मोठा दाब येतो. जस्त व फॉस्फरस असलेले एक रसायन तेलात मिसळलेले असते. ते कॅमशाफ्ट आणि टॅपेट यांच्यामध्ये संरक्षक थर तयार करते. फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, म्हणून आधुनिक तेलांत त्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी केले गेले. २००४ मध्ये आलेल्या एपीआय एसएम या इंजिन ऑइलच्या श्रेणीत पातळ तेलांसाठी त्याची कमाल मर्यादा ०.०८ टक्के ठरली. नव्या गाडीसाठी उत्कृष्ट असलेले पातळ तेल सपाट टॅपेटच्या इंजिनाचा कॅमशाफ्ट झिजवू शकते ते यामुळे. अशा इंजिनांसाठी जस्ताचे प्रमाण जास्त ठेवलेली, बहुधा २०डब्ल्यू-५० जाडीची ‘क्लासिक’ तेले मिळतात आणि तीच वापरावीत. नव्वदच्या दशकातील इंजिनांना मात्र मॅन्युअलमध्ये दिलेल्या जाडीचे चांगले आधुनिक तेल सहसा मानवते.

तेलाची पातळी पाहण्याची रीतही सर्वत्र एकच नाही. १९९८ पर्यंत बनलेल्या, हवेने थंड होणाऱ्या पोर्शे ९११ मध्ये तेल इंजिनाखालच्या सम्पमध्ये (तेल साठण्याच्या तळाच्या भांड्यात) न राहता वेगळ्या टाकीत राहते. तिथे गाडी सपाट जागी उभी करून, तेल पूर्ण तापल्यावर आणि इंजिन चालू ठेवूनच पातळी पाहायची असते. थंड इंजिनावर डिपस्टिक कोरडी दिसली म्हणून वरून तेल ओतणारे पुष्कळ मालक टाकी वाजवीपेक्षा जास्त भरून ठेवतात, आणि मग ते तेल हवेच्या वाटेने इंजिनात जाऊन धूर होतो.

तेल काढताना इंजिन कोमट असावे. ड्रेन प्लगचा वायसर दर वेळी नवा टाकावा. सम्प अॅल्युमिनियमचा असेल तर प्लग हाताच्या अंदाजाने आवळू नये, कारण तिथले आटे गेले की पाच मिनिटांचे काम पाच दिवसांचे होते.

गिअरबॉक्समध्ये कोणते तेल घालावे?

जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर ऑइलच्या श्रेणी आहेत. मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिले असेल तर जीएल-५ ‘त्याहून वरचे’ समजून घालू नये. जीएल-५ मधील गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने पितळी सिंक्रोनायझर रिंगांना मारक ठरू शकतात, शिवाय रिंगांना गिअरचा वेग जुळवण्यासाठी जेवढे घर्षण हवे असते तेवढे त्या तेलात मिळत नाही आणि गिअर खरखरत पडू लागतात. डिफरेन्शियलला मात्र सहसा जीएल-५ च लागते. काही ब्रिटिश गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइलच घालायचे असते. भरण्याचा प्लग आधी सोडवून पाहावा आणि मगच खालचा ड्रेन प्लग उघडावा. वरचा प्लग निघाला नाही तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी जागेवरच अडकते.

ब्रेक ऑइल घरी बदलता येते का? डॉट ३, ४, ५ यांत फरक काय?

येते, आणि नीट शिकून केले तर या कामासारखे समाधान देणारे काम दुसरे नाही.

डॉट हे ब्रेक ऑइलच्या श्रेणीचे नाव आहे. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही तिन्ही ग्लायकॉलवर आधारलेली असून ती एकमेकांत मिसळतात. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते. नाव जवळचे असले तरी ते या तिघांत कधीही मिसळू नये. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शोषून झाल्यावर त्याच तेलासाठी किमान अपेक्षित उत्कलनबिंदू १५५ अंशांवर येतो. घाटातल्या लांब उतारावर सतत ब्रेक लावले की कॅलिपरमधील (चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागातील) तेल तेवढे तापू शकते. ते उकळले की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट तळाला जाते. दोन वर्षांतून एकदा बदलण्याचा आग्रह त्यासाठी आहे. ओलाव्याने कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने तेलावर दाब देणारा भाग) आतून गंजतात ते वेगळेच.

बदलताना सहसा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात, पण क्रम मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावा. एक चूक मात्र जुन्या गाडीवर हमखास केली जाते. मदतनीस पेडल पूर्ण तळापर्यंत दाबतो. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन वरच्या भागातच फिरत असतो आणि खालचा भाग वर्षानुवर्षे न वापरल्याने गंजून खरखरीत झालेला असतो. सील त्या भागावरून गेले की कापले जाते, आणि ब्रेक ऑइल बदलल्यानंतर दोन दिवसांत मास्टर सिलिंडर निकामी होतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून त्याची चाल मर्यादित करावी, किंवा दाबाने तेल ढकलणारे साधन वापरावे. सांडलेले ब्रेक ऑइल रंग खाते, त्यामुळे ते पुसून लगेच पाण्याने धुवावे.

ब्रेक लावल्यावर एक चाक धरून राहते. कॅलिपर बदलावा का?

आधी रबरी होज पाहावा. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगून त्याची वाट अरुंद होते. पायाच्या जोराने तेल कॅलिपरकडे जाते, परतताना मात्र त्याला वाट मिळत नाही. माझ्या गाडीवर मी एकच कॅलिपर दोनदा उघडून त्याचे सील बदलले होते आणि चाक तरीही तापत होते. दोष होजमध्ये होता. परीक्षा सोपी आहे: चाक धरलेले असताना कॅलिपरचा ब्लीड निपल, म्हणजे तेल बाहेर काढण्याचा छोटा स्क्रू, किंचित सैल करावा. चाक सुटले तर दाब कॅलिपरच्या आधीच्या वाटेत अडकलेला आहे, म्हणजे संशय होजवर किंवा मास्टर सिलिंडरवर घ्यावा. निपल सैल करूनही चाक सुटले नाही, तर पिस्टन किंवा सरकत्या पिना अडकल्या आहेत.

ब्रेक उघडताना दोन धोके ध्यानात असू द्यावेत. जुन्या ब्रेक पॅडमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे तिथली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. मास्क लावून ओल्या कापडाने पुसावी. आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाजवळ वेल्डिंग करू नये किंवा ज्योत नेऊ नये, कारण त्यापासून फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू तयार होतो.

संथ वाहतुकीत गाडी तापते. काय तपासावे?

तापमान कधी वाढते यावरून निदानाची दिशा मिळते. गाडी उभी असताना तापते पण वेगाने धावताना काटा खाली येतो, तर पंखा, त्याचा थर्मोस्विच, रिले किंवा पंख्याभोवतीचे आवरण पाहावे. वेगातच तापत असेल तर रेडिएटर आतून बुजला असण्याची, पाण्याचा पंप कमजोर असण्याची किंवा खालचा होज आतल्या ओढीने चपटा होत असण्याची शक्यता जास्त. सुरू केल्यापासून काही मिनिटांतच तापत असेल आणि कूलंटमध्ये बुडबुडे दिसत असतील, तर हेड गॅस्केटची तपासणी करून घ्यावी.

रेडिएटरचे झाकण ही क्षुल्लक वाटणारी पण मोलाची वस्तू आहे. ते कूलंटवर दाब राखते, आणि सुमारे एक बार दाबाखाली पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली की हीच वाढीव मर्यादा नाहीशी होते. गरम इंजिनावर ते झाकण उघडू नये, कारण दाब सुटताच पाणी एकदम उकळून अंगावर येते. थर्मोस्टॅट काढून टाकणे हा उपाय नव्हे. त्याने इंजिन थंडच राहते आणि लवकर झिजते. थर्मोस्टॅट पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसह गरम करून तो कोरलेल्या तापमानाला उघडतो का ते पाहता येते.

कूलंट भरताना ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये साधारण निम्मे-निम्मे मिसळावे आणि वेगवेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र करू नयेत. तांबे-पितळेचे, डाग दिलेले जुने रेडिएटर असलेल्या गाड्यांना सिलिकेट असलेले पारंपरिक कूलंट अधिक सुरक्षित असते. ते दर दोन वर्षांनी बदलावे. टोयोटा एमआर२ किंवा फियाट एक्स१/९ यांसारख्या गाड्यांत इंजिन आसनांच्या मागे आणि रेडिएटर पुढे असतो, त्यामुळे लांब नळ्यांत हवा अडकून राहते. ती काढण्याची कंपनीने सांगितलेली रीत तंतोतंत पाळली नाही, तर सर्व भाग नवे असूनही गाडी तापतच राहते. कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात, त्यामुळे सांडलेले लगेच पुसावे.

टायमिंग बेल्ट तुटला तर काय होते?

हे इंजिनावर अवलंबून आहे. काही इंजिनांत कॅमशाफ्ट फिरवणारा हा बेल्ट तुटला तरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना लागत नाहीत. एमएक्स-५ चे सुरुवातीचे १.६ लिटरचे इंजिन असे आहे, आणि तिथे बहुधा गाडी बंद पडण्यावर निभावते. पोर्शे ९४४ मध्ये मात्र व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावे लागते. शिवाय तिथे बॅलन्स शाफ्टचा वेगळा बेल्ट असतो, तो तुटून मुख्य बेल्टमध्ये अडकला तरी परिणाम तोच. बेल्टची मुदत किलोमीटर आणि वर्षे या दोन्हींत मोजावी आणि जे आधी येईल ते मानावे. बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर, पाण्याचा पंप आणि पुढचे ऑइल सील हेही बदलून घ्यावे, कारण तिथवर पोहोचण्याचे कष्ट तेच असतात. बेल्ट बसवल्यावर इंजिन हाताने, पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवावे आणि खुणा पुन्हा जुळतात का ते पाहावे. मगच स्टार्टर लावावा.

दोन एसयू कार्ब्युरेटर असलेली गाडी ओबडधोबड चालते. ट्यूनिंग कसे करावे?

कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी टॅपेटचे अंतर, स्पार्क प्लग, पॉइंटचे (डिस्ट्रिब्युटरमध्ये ठिणगीसाठी प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांचे) अंतर आणि इग्निशनचे टायमिंग पक्के करावे. कॉम्प्रेशनही मोजावे. त्यासाठी सर्व प्लग काढावेत, इग्निशन आणि पेट्रोलचा पुरवठा बंद ठेवावा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरावा. सर्व सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असावेत. एखादा कमी असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंग झिजल्या आहेत, न वाढल्यास संशय व्हॉल्व्हवर. कार्ब्युरेटरच्या म्हणून समजल्या गेलेल्या कितीतरी तक्रारी या पायरीवरच संपतात. इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा झिजलेल्या थ्रॉटल शाफ्टमधून हवा आत ओढली जात नाही, हेही पाहून घ्यावे.

एसयू हे समजून घेण्याजोगे सुंदर यंत्र आहे. त्यात हवेच्या ओढीनुसार एक पिस्टन वर-खाली होतो आणि त्याला जोडलेली निमुळती सुई जेटमधून किती पेट्रोल सुटावे ते ठरवते. पिस्टन बोटाने वर उचलून सोडल्यावर खटकन आवाज करीत खाली बसला पाहिजे. वरच्या डॅशपॉटमध्ये पातळ तेल असते. ते संपले की एकदम अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन अडखळते.

ट्यूनिंग गरम इंजिनावर करावे. दोन्ही कार्ब्युरेटरांना जोडणारा दुवा सैल करून आधी दोघांतून सारखी हवा जाते का ते पाहावे. हवा मोजण्याचे साधन नसेल, तर रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हींचा फुसफुसाट जुळवता येतो. त्यानंतर मिश्रण पाहावे. एका कार्ब्युरेटरचा पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर वर उचलावा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन मंदावून बंद पडू लागले तर कमी आहे. क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण योग्य आहे. मग दुसऱ्याचे तसेच पाहावे, पुन्हा पहिल्याकडे यावे, आणि शेवटी दुवा घट्ट करावा. प्लगचे टोक फिकट तपकिरी असावे. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरेफटक म्हणजे कमी. घाई करू नये, आणि एका वेळी एकच स्क्रू फिरवावा.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे का?

बसवल्यास देखभाल कमी होते आणि टायमिंग स्थिर राहते. पण ते गाडीच्या विद्युत जोडणीला साजेसे असले पाहिजे: १९६७ पर्यंतच्या एमजीबीसारख्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, आणि ऋण अर्थिंगसाठीचे साधन तिथे जोडताक्षणी जळते. कॉइलचा रोधही जुळायला हवा. इंजिन बंद असताना इग्निशन चालू राहिली तर अनेक साधने तापून निकामी होतात. पॉइंटच ठेवायचे असतील तर त्या काळच्या बहुतेक लुकास डिस्ट्रिब्युटरमध्ये अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात. दोन्हींपैकी काहीही निवडले, तरी जुने पॉइंट आणि कंडेन्सर गाडीत जपून ठेवावेत.

दिवे मंद आहेत, स्टार्टर दमल्यासारखा फिरतो, इंडिकेटर मनाप्रमाणे चालतात. संपूर्ण वायरिंग बदलावे का?

बहुतेक वेळा नाही. अशा विखुरलेल्या तक्रारींचे मूळ अर्थिंगमध्ये असते. इंजिन ते बॉडी आणि बॅटरी ते बॉडी या जाड पट्ट्या काढून, दोन्ही टोकांचा धातू पॉलिश पेपरने चकचकीत करून, पुन्हा आवळून वर ग्रीस लावावे. मल्टिमीटरने पडताळायचे असेल तर एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे इंजिनाच्या धातूला लावून स्टार्टर फिरवावा, ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर त्या वाटेत अडथळा आहे. फ्यूजच्या पकडी, गोळीच्या आकाराचे जोड आणि बल्बच्या खोबण्या स्वच्छ केल्या की अर्ध्या तक्रारी मिटतात.

बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती निम्मीच उरली आहे. इंजिन चालू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.४ असावा. उभ्या गाडीत बॅटरी उतरत असेल तर ऋण वायर काढून मध्ये अॅमीटर जोडावा आणि एकेक फ्यूज काढत कोणत्या फ्यूजला प्रवाह थांबतो ते पाहावे. फ्यूज वारंवार जळतो म्हणून मोठा फ्यूज घालणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे.

आजचे इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या गाडीला चालते का?

पेट्रोलच्या वाटेतील रबर बदलले तर निभावते, न बदलता धोकादायक ठरते. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते किंवा ठिसूळ करते, ओलावा ओढून घेते आणि टाकीत वर्षानुवर्षे साठलेला चिकट थर सोडवून फिल्टर बुजवते. पेट्रोलचे सर्व होज एसएई जे३० आर९ या मानकाचे किंवा त्याहून वरच्या दर्जाचे घालावेत. पंपाचा डायफ्रॅम आणि फ्लोट चेंबरचे सीलही इथेनॉल सोसणारे असावेत. हे काम पुढच्या वेळेवर टाकू नये, कारण गरम इंजिनावर ठिबकणारा एक चिरलेला होज पूर्ण गाडी जाळू शकतो. गाडीत अग्निशामक ठेवावा, हाताशी येईल असा.

टायरची नक्षी अजून भरपूर आहे. तरी बदलावेत का?

कडेवर कोरलेला चार आकडी क्रमांक पाहावा. ‘२३१८’ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. २००० पूर्वीच्या टायरवर तीनच आकडे असत, आणि असा टायर अजून चाकावर असेल तर त्या गाडीने रस्त्यावर जाऊच नये. सहा वर्षांनंतर दर वर्षी बारकाईने तपासावे. दहा वर्षांनी नक्षी कितीही असली तरी बदलावेत. कडक झालेले रबर ओल्या रस्त्यावर पकड सोडते, आणि मागची चाके चालवणाऱ्या हलक्या गाडीत ते अचानक कळते.

गंज कुठे शोधावा?

जिथे पाणी साठते तिथे. दारांखालचे सिल, चाकांच्या कमानी, बॅटरीची बैठक, आसनांखालची जमीन, विंडस्क्रीनच्या रबराखालची कड. एमएक्स-५ मध्ये छताचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या कचऱ्याने बुजतात, पाणी सिलमध्ये उतरते आणि ते आतून सडतात; वर्षातून दोनदा मऊ तारेने या नळ्या मोकळ्या करणे हा सर्वांत स्वस्त गंजरोधक उपाय आहे. सर्व गाड्यांच्या दारांच्या तळाशी पाणी जाण्याची छिद्रे असतात, तीही मोकळी ठेवावीत. पोकळ भागांत दर दोन-तीन वर्षांनी पातळ मेण फवारावे. गंजावर थेट जाड काळा थर फासू नये. त्याखाली ओलावा कोंडला जातो आणि पत्रा दिसेनासा होऊन सडत राहतो.

बोल्ट निघत नाही, काय करावे?

जोर वाढवण्याआधी वेळ वाढवावा. तारेच्या ब्रशने आटे साफ करून त्यावर गंज सोडवणारे तेल मारावे आणि शक्य तर रात्रभर ठेवावे. मग आवळण्याच्या दिशेने किंचित हलवून सोडवावे, थोडे पुढे-थोडे मागे करीत. उष्णतेचा उपयोग होतो, पण पेट्रोलच्या नळ्या, रबरी बुश आणि मेण फवारलेले पत्रे यांच्याजवळ ज्योत नेऊ नये.

कोणती कामे स्वतः करू नयेत?

सस्पेन्शनच्या दाबलेल्या स्प्रिंग योग्य कॉम्प्रेसरशिवाय सोडू नयेत. त्यांत साठलेला जोर जीवघेणा असतो. चॅसिसला आधार देणाऱ्या भागांचे वेल्डिंग, इंजिनाची आतली कामे आणि चाकांचे अलाइनमेंट जाणकाराकडे द्यावे. के-जेट्रॉनिकसारख्या यांत्रिक इंजेक्शनमध्ये पेट्रोल सुमारे पाच बार दाबाखाली असते. दाबमापक नसेल तर त्याला हात लावू नये. काही कामांत रचनाच आड येते. फेरारी एफ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन बाहेर काढावे लागते, आणि जॅग्वार ई-टाइपचे मागचे ब्रेक चाकांजवळ नसून डिफरेन्शियलला लागून आहेत, त्यामुळे साध्या गाडीवर एका सकाळी होणारे काम तिथे कित्येक दिवस घेते.

गाडी काही महिने उभी ठेवायची आहे. आणि नंतर सुरू कशी करावी?

उभी करण्यापूर्वी इंजिन ऑइल बदलावे, कारण वापरलेल्या तेलातील आम्ल बेअरिंगला लागून राहते. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरावी, हँडब्रेक न ओढता चाकांना पाचर लावावी, बॅटरीला देखभाल चार्जर जोडावा, पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालून टाकी भरून ठेवावी. आच्छादन हवा खेळणारे असावे. दर महिन्याला पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करण्याची सवय मात्र सोडावी. त्याने तेल तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठते आणि फायदा काहीच होत नाही. चालवायची तर वीस-तीस मिनिटे रस्त्यावर चालवावी. बंद जागेत इंजिन चालू ठेवणे कार्बन मोनॉक्साइडमुळे प्राणघातक आहे.

वर्षभराहून अधिक काळ उभ्या असलेल्या गाडीत थेट चावी फिरवू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल टाकावे, इंजिन पान्याने हाताने फिरवून ते मोकळे असल्याची खात्री करावी. मग प्लग बाहेरच ठेवून, इग्निशन तोडून आणि पेट्रोलचा पुरवठा बंद ठेवून, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत स्टार्टर फिरवावा. जुने पेट्रोल काढून ताजे घालावे. प्लग लावून इंजिन सुरू झाले की ते चालू ठेवून गाडीभोवती फिरावे, खाली वाकून गळती पाहावी, आणि गाडी जागची हलण्याआधी ब्रेकचे पेडल जोराने दाबून मिनिटभर धरून ठेवावे. ते हळूहळू खाली सरकत असेल, तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नये.